पाय पूर्वेला

आंबेवडगावच्या ख्रिस्ती कबरस्तानात मोठ्यानं बोललेलं नथूला खपत नसे. कबरींमध्ये उभं राहून कुणी फोनवर तावातावानं बोलायला लागलं, की तो हातातली कुदळ खाली ठेवून तोंडावर बोट धरायचा. "हळू. माणसं निजल्यात." नवख्या माणसाला वाटायचं, बुवा चेष्टा करतोय. पण नथू चेष्टा करत नव्हता. नथानिएल वाघचौरे या कबरस्तानाचा राखणदार, बापाच्या मागून सदतीस वर्षं हेच काम, आणि त्याच्या लेखी तिथं मेलेलं कुणीच नव्हतं. दोनशे बारा माणसं निजलेली होती. जगाच्या अंती, न्यायाच्या दिवशी, शेवटचा कर्णा वाजला की उठायची होती. तोवर त्यांची झोपमोड होऊ न देणं ही त्याची नोकरी.

त्यामुळे २०५८ सालच्या मार्चमध्ये कबरस्तान हलवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी नथूच्याच तोंडचं पाणी पळालं. नदीवरच्या बंधाऱ्याची उंची वाढणार होती. पुढच्या पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी कबरस्तानातल्या कडुलिंबापर्यंत येणार हे नक्की होतं. टेकडीवर नवी जागाही मिळाली होती. पण न्यायचं काय? जुन्या कबरींत हाडाचा तुकडासुद्धा उरला नव्हता. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बैठकीत एका आजीबाईंनी विचारलंही, "आमचे सासरे काय घमेल्यात भरून नेणार का?"

त्याचं उत्तर घेऊन डॉ. वसुधा कोंडविलकर आल्या. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी बाई. मातीचं रसायन हा त्यांचा विषय. त्यांच्या मागोमाग एका गाडीवरून यंत्र आलं. दिसायला खाटेएवढं, आणि खालच्या बाजूला चारशे सुया. एकेक सुई केसाएवढी बारीक आणि दोन मीटर लांब.

माणूस मातीत गेला म्हणजे संपला, असं आपण म्हणतो. माती तसं म्हणत नाही. हाडं विरघळली तरी त्यांतला फॉस्फरस फार लांब जात नाही, आसपासच मुरतो. मेंदूतली स्निग्ध द्रव्यं डोक्याखालच्या मातीत उरतात, रक्तातलं लोह छातीखालच्या. डीएनएचे तुकडे तर चिकणमातीच्या कणांना असे चिकटून बसतात, की शेकडो वर्षं सुटत नाहीत. हे सगळं जुनंच ज्ञान होतं. कोंडविलकरांच्या यंत्राची करामत एवढीच, की त्याच्या सुया जमीन न उकरता आत शिरत आणि दर अर्ध्या सेंटीमीटरला मातीची चव घेत. त्या लाखभर चवी एकत्र केल्या की पडद्यावर हळूहळू एक आकृती उमटे. डोकं, खांदे, छातीवर दुमडलेले हात, पाय. तिला त्या 'देहछाया' म्हणत. नातवंडांच्या लाळेशी डीएनए जुळवलं की छाया कुणाची तेही कळे. मग तेवढ्या मातीच्या भोवती गारव्याच्या नळ्या सोडून ती गोठवायची, आणि खरवसाची वडी उचलावी तसा अख्खा ठोकळा क्रेननं उचलून नव्या जागी ठेवायचा.

दोन वर्षांत या यंत्रानं देशभर बरीच उलथापालथ केली होती. कितीतरी बेपत्ता माणसं त्यांच्या घरच्यांना सापडली होती. एका तालुक्याच्या पुढाऱ्याच्या समाधीत, जिथं दरवर्षी मंत्री हार घालत, तिथं कुणीच निजलेलं नाही असंही निघालं होतं.

नथूनं पहिल्या दिवशी यंत्राला फक्त एकच अट घातली. आवाज नको.

"विजेवर चालतं. आवाज नाही करत," कोंडविलकर म्हणाल्या.

"मंग चालंल."

कामाला सुरुवात झाली ती लिंबाखालच्या रहेलबाईंपासून. १९६२ साली त्यांना तिथं ठेवलेलं. पडद्यावर छाया उमटली, पण उजवा हात काही येईना. कोंडविलकरांनी सुया आणखी खोल घातल्या, मुळांपर्यंत. मग हसल्या.

"नथूभाऊ, राग मानू नका, एक विचारते. रहेलबाईंचा उजवा हात या झाडानं ओढून घेतलाय. मुळांतून खोडात, खोडातून पानांत. ती पानं गावच्या शेळ्यांनी खाल्ली असतील. शेळ्यांचं दूध लोकांनी प्यालं असेल. मग तुमच्या त्या दिवशी हा हात येणार कुठून?"

नथूनं डोकं खाजवलं. प्रश्न त्याला नवा नव्हता. जमीन उकरणाऱ्याला तो कधी ना कधी पडतोच. "मॅडम, नव्वदावर वर्सं झाली, तरी तुमी चारशे सुया घालून तो हात हुडिकला. लिंबात हाय म्हून सांगितला. मंग ज्यानं तो हात पयल्यांदा घडवला, त्याला तुमच्याइतकं बी जमायचं न्हाई व्हय?"

कोंडविलकरांनी देव मानायचं कधीच सोडलं होतं. पण हे उत्तर त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून त्याही कबरींमध्ये हळू बोलायला लागल्या.

यंत्राचा अहवाल तयार होऊ लागला. नाव, खोली, ओळख पटली की नाही, आणि शेवटचा रकाना दिशेचा. तो चर्चचे पाळक शीलानंद भांबळ यांनी मुद्दाम मागून घेतला होता, कारण आंबेवडगावच्या मंडळीत रीतच तशी होती. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. प्रभू उगवतीकडून येणार. निजलेला माणूस उठून बसला की समोर तोच दिसायला हवा, मानसुद्धा वळवायला लागू नये. नथूच्या बापानं त्याला खड्डा खणायला शिकवायच्या आधी दिशा ओळखायला शिकवली होती. अहवालात ओळीनं 'पूर्व', 'पूर्व', 'पूर्व' असं उमटत गेलं, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला नथू तो रकाना बोटानं दाखवायचा. एकशे सतरा कबरी झाल्या. एकही चुकलेली नव्हती.

पण यंत्र जसजसं नदीकडच्या ओळीकडे सरकायला लागलं, तसतसं नथूनं तो रकाना कुणाला दाखवायचं सोडलं. त्या ओळीत तोरणे मास्तर होते.

२०२१ चा एप्रिल. साथीचं दुसरं वर्ष. नथू तेव्हा बावीसचा, आणि बाप तापानं घरात पडलेला. जिल्ह्याच्या गावाहून गाडी आली. तिच्यात चार जण, चौघंही डोक्यापासून पायापर्यंत बंद पिशव्यांत. घरच्या माणसांना फाटकाच्या आत सोडायचं नाही असा हुकूम. पांढऱ्या झग्यातली माणसं घाईला आलेली, त्यांना अजून तीन गावं करायची होती. पट्टे लावून एकेक पिशवी खाली सोडली, कागदावर सही घेतली आणि गाडी गेली सुद्धा. माती नथूनं एकट्यानं लोटायची.

तिसरी पिशवी प्रसन्नकुमार तोरण्यांची. मंडळीचे गायनमास्तर, वय अडतीस. नथू त्यांच्याच गायनवर्गात खर्जात उभा राहायचा. चाळीस गळ्यांत एकाचा सूर उतरला तरी मास्तर न थांबता भुवई उचलायचे, आणि ज्याचा उतरला त्याला बरोबर कळायचं. तो अर्धा खड्डा रडत रडतच भरला गेला. मग एका कोपऱ्यात, मातीतून वर आलेलं, त्याला चिठ्ठीचं टोक दिसलं. दवाखान्याची चिठ्ठी पायाच्या अंगठ्याला बांधतात आणि तिची दुसरी प्रत पिशवीला त्याच टोकाला लावतात, हे त्याला ठाऊक होतं. चिठ्ठी पश्चिमेला होती.

एकट्यानं पिशवी वर काढणं शक्य नव्हतं, आणि कुणाला हात लावायला बोलावणंही शक्य नव्हतं. तो तसाच फाटकाशी गेला. तिथं मास्तरांची बायको सुवार्ता, एकतीस वर्षांची, उन्हात तीन तास उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "नथू, पाय पूर्वेला केलेस ना रे?"

आणि नथू म्हणाला, "व्हय, मास्तरीणबाई."

सदतीस वर्षं तो त्या एका चिठ्ठीशी मनातल्या मनात वाद घालत आला होता. घाईत उलट्या टोकाला लावली असेल. वाऱ्यानं सरकली असेल. दर ईस्टरला, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी, तांबडं फुटताना सुवार्ताबाई त्या कबरीच्या पूर्वेच्या टोकाशी बसून मास्तरांनी चाल लावलेलं गाणं म्हणायच्या, आणि नथू लिंबाआडून ऐकायचा. जोवर कुणी बघितलेलं नाही तोवर कदाचित मास्तर नीटच असतील, या 'कदाचित'वर त्यानं आयुष्य काढलं होतं.

आता चारशे सुया आत शिरल्या. कोंडविलकर पडद्याकडे बघत होत्या आणि नथू कोंडविलकरांकडे.

"हे उलटे आहेत," त्या म्हणाल्या. "डोकं पूर्वेला."

नथूनं हातातली कुदळ खाली ठेवली. त्याला पाणी देऊन त्यांनी विचारलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही एका परक्या बाईपाशी.

कोंडविलकरांनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "हे बघा, दिशेचा रकाना सरकारी नमुन्यात नाही. मी तो या ओळीपुरता मोकळा ठेवू शकते. ओल जास्त होती, छाया स्पष्ट आली नाही, असं म्हणता येईल. आणि टेकडीवर ठोकळा ठेवताना क्रेन अर्धी फिरवली, की झालं तुमचं काम. मास्तर सरळ होतील. कुणाला कळायचंही नाही."

खरंच की! नथूला वाटलं, ही बाई नाही, देवदूत आहे. सदतीस वर्षांचं ओझं क्रेनच्या एका फेऱ्यात उतरणार होतं. मास्तरांचं भलं, मास्तरीणबाईंना दुःख नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दुपारी किती दिवसांनी तो पोटभर जेवला.

दोन दिवस हे सुख टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं कबरींमधून चालत होता आणि मास्तरांपाशी थबकला. त्याच्या डोळ्यांपुढं तो दिवसच उभा राहिला. कर्णा वाजलाय, दोनशे बारा माणसं अंगावरची माती झटकत उठतायत, रहेलबाई उजवा हात चाचपून बघतायत. मास्तर उठलेत. शेजारी मास्तरीणबाई. आणि मास्तर त्याच्याकडे बघून, काही न बोलता, भुवई उचलतात.

इतरांचं बरं असतं. ज्याच्याशी खोटं बोललो तो मेला, की खोटंही मरतं. नथूला ती सोय नव्हती. त्याच्या लेखी कुणी मेलेलंच नव्हतं, सगळ्यांची पुन्हा गाठ पडायची होती. त्याचा विश्वास कच्चा असता तर त्याचं गुपित पक्कं राहिलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तो तसाच, मातीच्या पायांनी, सुवार्ताबाईंच्या घरी गेला.

अडुसष्ट वर्षांच्या सुवार्ताबाई ओसरीवर विळीपुढं बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. "सलाम, नथू. बस. चहा टाकते."

"नगं. उभ्यानंच सांगतो." आणि त्यानं सांगितलं. शब्द भराभर आले, कारण तो ते सदतीस वर्षं घोकत होता. शेवटी म्हणाला, "आता यंत्रानं बी तेच दावलंय. मास्तर उलटं हायेत. त्या दिशी त्यांची पाठ हुईल परभूकडं. माज्यामुळं."

सुवार्ताबाईंनी कैरी खाली ठेवली. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"व्हय. अर्धा खड्डा भरल्यावर."

"आणि फाटकाशी मी विचारलं, तर तू हो म्हणालास."

"व्हय."

"किती रे सहज म्हणालास." त्यांचा आवाज चढला नाही, आणि नथूला तेच सोसवेना. "त्या एका 'हो'वर मी दोन पोरं वाढवली. निदान ते नीट निजलेत, एवढं तरी आहे, असं म्हणत म्हणत. जा तू आता."

नथू गेला. जाताना त्यानं वळून पाहिलं तर बाई पुन्हा विळीवर बसल्या होत्या, पण फोडी करायच्या सोडून कैरी नुसतीच हातात धरून होत्या.

तिथून तो पाळकसाहेबांकडे गेला आणि रकाना आहे तसा छापा म्हणाला. भांबळसाहेब मायाळू माणूस. त्यांनी तोड काढली. "हे बघ नथू, काही ठिकाणी पाळकाला मुद्दाम उलटं ठेवतात, उठल्यावर आपल्या कळपाकडे तोंड असावं म्हणून. मास्तरांना आपण तो मान दिला होता, असं सांगू."

"मास्तर काय पाळक न्हवते," नथू म्हणाला. "एका खोट्यावर दुसरं कशाला रचायचं, साहेब?"

रविवारी उपासनेनंतर यादी वाचली गेली. एकशे चौतीस क्रमांकापुढं 'पश्चिम' आलं तेव्हा नथू आपण होऊन उभा राहिला आणि सगळ्या मंडळीपुढं म्हणाला, "ही चूक माजी." देवळात कुजबुज झाली. सुवार्ताबाई पहिल्या बाकावर होत्या. त्यांनी मान वळवली नाही. त्यानंतर आठवडाभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत, आणि ठोकळा ठेवायच्या कागदावर त्यांची सही तेवढी राहून गेली. नथूनं मनाशी ठरवलं होतं. टेकडीवर मास्तरांना सरळ करायचं आणि काम सोडायचं. ज्याच्या शब्दाला किंमत उरली नाही, त्यानं लोकांची माणसं कशी निजवावी?

मास्तरांचा दिवस उजाडला. टेकडीवर सकाळचं ऊन पसरलं होतं. गोठलेला ठोकळा क्रेनला लटकत होता, आणि त्याच्यातून पांढरी वाफ निघत होती. खाली खड्डा तयार होता. सुवार्ताबाई काठी टेकत चढून आल्या, स्वच्छ पांढऱ्या लुगड्यात, आणि थेट कोंडविलकरांकडे गेल्या.

"मला त्यांना बघता येईल का?"

कोंडविलकरांनी पडदा त्यांच्यापुढं धरला. निळसर आकृती होती. डोकं, खांदे, छातीवर हात. सुवार्ताबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, डोक्यापाशी. "म्हणजे मी दरवर्षी पायाशी बसत होते असं समजत होते, आणि बसत होते उशाशी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

नथू पुढं झाला. "मास्तरीणबाई, सही करा. म्या आत्ता सरळ करतो त्यांना. अर्ध्या फेऱ्याचं काम हाय."

"नको. आहेत तसेच ठेव."

"पर त्यांची पाठ..."

"जन्मभर त्यांनी वेदीकडे पाठच केली की! तोंड तुम्हा गाणाऱ्यांकडे. त्याबद्दल देवानं कधी तक्रार केल्याचं मला तरी माहीत नाही." त्यांच्या ओठांवर हसू आलं, सदतीस वर्षांपूर्वीच्या सुवार्ताबाईंचं. मग त्यांनी काठीनं खड्ड्याला लागून पश्चिमेची मोकळी जागा दाखवली. "ही माझी. होय ना?"

"व्हय."

"मला कसं ठेवशील?"

"रीतीपरमानं. पाय पूर्वेला."

"ते म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उठून बसणार, आणि मी पूर्वेकडे. पायांशी पाय. मग समोर कोण दिसेल मला?"

नथूनं एकदा लटकत्या ठोकळ्याकडे पाहिलं, एकदा मोकळ्या जागेकडे. हातांनी हवेत दोन माणसं निजवली, उठवून बसवली. आणि दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"आठ दिवस मी तुझ्यावर रागावलेली होते," सुवार्ताबाई म्हणाल्या. "अजूनही थोडी आहेच. खोटं ते खोटंच. पण मग माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी मला फाटकाशी अडवलं. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला त्यांचं. पिशवी बंद ती बंदच. ते राहिलंय बघायचं. उठल्या उठल्या आधी तेच बघीन."

कोंडविलकर लिहायच्या थांबल्या होत्या. या बाईचं म्हणणं तपासायला त्यांच्याकडे एकही सुई नव्हती. तरी त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"आणि परभू?" नथूनं घाबरत घाबरत विचारलं. "तो मागं उभा ऱ्हाईल न्हवं?"

"राहू दे की क्षणभर. त्याला सांगायला नको माझं दुःख," सुवार्ताबाई म्हणाल्या. "तो स्वतः उठला, तेव्हा मोठमोठ्या शिष्यांना सोडून आधी कबरीशी रडत उभ्या असलेल्या एका बाईलाच भेटला होता."

त्यांनी कागद मागून घेतला आणि दिशेच्या रकान्यात 'पश्चिम' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली. मग नथूकडे वळल्या. "काम सोडतोयस म्हणे. पाळकसाहेब सांगत होते. माझी वेळ येईपर्यंत सोडायचं नाही. मला ठेवशील ते तूच. आणि मोजून मापून ठेव, एक वीतसुद्धा इकडे तिकडे नको."

 नथूनं मान हलवली, क्रेनवाल्याला हात केला, आणि मास्तर खाली उतरेपर्यंत सगळे जण हळू आवाजात बोलत उभे राहिले.